दुखलं तर हात वर करा

शिकार केलेल्या अस्वलावर पाय ठेवून उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरला, तेव्हा गावातल्या एका कारकुनाने खोट्या नावाने खाली लिहिलं होतं, 'हिचं घर मला ठाऊक आहे.'
चारच दिवसांत त्याच्या दाढदुखीने उचल खाल्ली. दुसरीकडे कुठे लगेच नंबर लागेना, म्हणून मुकाट्याने तो त्यांच्याच खुर्चीत येऊन बसला.
"लोक काहीबाही लिहितात, मनावर घेऊ नका," तो चाचरत म्हणाला.
"एकेक ओळ पाठ झालीय," त्या म्हणाल्या. "आ करा. दुखलं तर हात वर करा."
मशिन घरघरलं. हिने ओळखलं असेल तर मेलोच, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात कळ थेट मस्तकात गेली आणि त्याने झटकन हात वर केला.
मशिन टाकून डॉक्टरीणबाई भिंतीशी सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.