नदीतले गोटे

"एक तर हा ओला टॉवेल पलंगावर राहील, नाही तर मी! स्पष्ट सांगितलंय मी त्याला."

"मग टॉवेललाच माहेरी पाठव," बाई म्हणाल्या. फोन खांद्याने कानाशी दाबून त्या माती-खडी तपासायच्या प्रयोगशाळेत चाचणीच्या लोखंडी पेटीत खडी भरत होत्या. थोरली लेक पलीकडून आणखी चिडली आणि फोन बंद झाला.

थोरलीचा असा फोन रोज यायचा. नवऱ्याशी वाद, सासूशी वाद, वरच्या मजल्यावरच्यांशी वाद. हिचा संसार टिकतो की नाही, या काळजीने बाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कधी त्या खिडकीशी जात, कधी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत. त्या मानाने धाकटी गुणाची. तिचा घोर म्हणून नाही. विचारावं तेव्हा, "मी मजेत गं."

"बाई, माझं काय?" स्टुलावरचा ठेकेदार कुरकुरला. एका शाळेमागे उताराची माती अडवायला मोठी भिंत उभी राहत होती आणि तिच्या पाठीशी काय भरायचं ते आज ठरायचं होतं. त्याने नदीतल्या गोट्यांचा ढीग आधीच आणून टाकला होता. "गोटेच घ्या. ओतले की आपले आपण बसतात. खडीला नुसतं कुटत बसावं लागतं."

"पेटी काय म्हणते बघू."

त्यांनी यंत्र सुरू केलं. पेटीचा वरचा अर्धा भाग अडवलेला, खालचा हळूहळू सरकणारा. खडीचे कोपरे एकमेकांत अडकले. आतून करकर सुरू झाली. एका तुकड्याला पुढे जायचं तर दुसऱ्यावर चढावं लागत होतं, म्हणून वजनासकट झाकणच वर उचललं जाऊ लागलं. झाकणावरच्या डायलचा काटा चढत राहिला.

"काय भांडखोर आहे हो ही!" ठेकेदार म्हणाला.

"भांडते म्हणून तर धरून ठेवते," बाई सवयीने म्हणाल्या. हे वाक्य त्या कितीतरी वर्षं येईल त्याला ऐकवत आल्या होत्या.

मग गोटे. खरंच, ओतले तसे शहाण्यासारखे बसले. यंत्र सुरू झालं. करकर नाही, काही नाही. झाकण जागचं हललं नाही. ठेकेदार खुशीत आला. "बघा! कसे गुमान बसलेत."

"बसलेत कुठे? सरकलेत," बाई म्हणाल्या. खालचा भाग केव्हाच मोकळा होऊन पुढे निघाला होता. "अख्खी भिंत अशीच जाईल. कळणारसुद्धा नाही."

बोलता बोलता त्या थांबल्या. डायलचा काटा शून्याजवळ स्वस्थ होता. त्यांना उगाच एक जुना मोजा आठवला. धाकटी शाळेत नव्या बुटांनी गेली होती. दिवसभर हसतखेळत होती. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा टाच रक्ताने चिकटलेली. थोरलीने तर दुकानातच बूट भिरकावला होता.

"बाई? काय झालं?"

"गोटे परत पाठवा," त्या म्हणाल्या आणि हातसुद्धा न धुता पर्स उचलून निघाल्या.

बस येईना. त्या थांब्यावर येरझाऱ्या घालू लागल्या, मग चालतच सुटल्या. धाकटीचं घर येईपर्यंत स्वतःलाच रागावत होत्या. वेडी आहेस का? मुलगी मजेत आहे. जाऊन सांगणार काय, गोटे सरकले म्हणून?

दार उघडलं. धाकटी हसली, नेहमीसारखीच. "आई! अचानक?"

"सहज आले. हात धुते आधी, धुळीने भरलेत." 

चपलांच्या मांडणीत खालचा खण रिकामा होता. जावईबापूंच्या बुटांचा. न्हाणीघरात आरशापुढे एकच ब्रश. दांडीवर एकच टॉवेल, नीट घडी घातलेला, कोरडा.

बाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मागे धाकटी येऊन थांबली होती. तिने टॉवेल काढून आईच्या हातात दिला. चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं.

"आई," ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"