गुरुवारचं भजन

एका जुन्या जर्मन राजघराण्याचं पत्र सुनेत्राच्या नावाने आलं, तेव्हा श्रीधरने ते आधी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या कारखान्यात गाड्यांमधले दोष शोधण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती.

"घराण्याचं सेवापदक म्हणे. वर्षातून फक्त दोघांना देतात. आणि त्यातली एक तू? शुद्ध फसवाफसवी आहे ही. आता पासपोर्टची कॉपी मागतील बघ."

सुनेत्रा मेथी निवडत राहिली.

त्याने पत्रावरच्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या सेक्रेटरी बाईंनी नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं बरोबर सांगितलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राउ सुनेत्रा दाबकेच. अकरा वर्षं दर गुरुवारी त्या आमच्या इथल्या हॉस्पिसमध्ये येतात. ज्यांचं कोणी नाही, त्यांचा शेवटच्या श्वासापर्यंत हात धरून बसतात."

श्रीधरने आभार न मानताच फोन ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आल्झो, म्हणजे पकडलं की नाही! गुरुवारी तर तू हायलब्रॉनला भजनाला असतेस. यांना साधा वारसुद्धा नीट जुळवता आला नाही."

सुनेत्राने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"अहो, अकरा वर्षं बघताय तुम्ही. भजनाहून आल्यावर कोणी कशालाही हात न लावता, आधी डोक्यावरून अंघोळ करतं का?"