कुणाचंच नसलेलं नाव

"या खेपेला तेवढा घोडा मारू नका, मास्तर," कडूबा म्हणाला आणि लगाम हातात धरून तसाच ओट्यापाशी उभा राहिला.

मुकुंदराव हसले. शाळेत मराठी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात साप्ताहिकासाठी राजपुत्र, राक्षस, उडते घोडे यांच्या गोष्टी लिहायच्या, हा त्यांचा उद्योग. गोष्ट कोणतीही असो, शेवटच्या प्रकरणात राजपुत्राचा घोडा मरायचाच. बाया रडत, अंक हातोहात खपत, संपादक खूश.

"अरे, कागदावरचा घोडा तो."

"कागदावरचा मरतो अन् त्याच्यासंगं माझा बी मरतो. त्याचं काय करायचं?"

हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कडूबा पूर्वी एका नवाबाच्या पागेत कामाला होता. पोलीस ॲक्शननंतर नवाब हैदराबादेला गेले, पागा मोडली आणि कडूबा शहागंजात टांगा हाकू लागला. मास्तरांच्या गोष्टींचं त्याला भारी वेड. पहिल्या गोष्टीतल्या घोड्यावरून त्यानं आपल्या घोड्याचं नाव ठेवलं शंखवर्ण. तो गेल्यावर घेतलेल्याचं, दुसऱ्या गोष्टीवरून, गगनवेध. दोन्ही जनावरं धडधाकट. दोन्ही शुक्रवारीच गेली, शेवटचं प्रकरण छापून आलं त्याच दुपारी. कुणी लांबून हाक मारावी तशी मान वळवली, खाली बसली, ती उठलीच नाहीत.

"आता हा तिसरा," कडूबा घोड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला. "पहिल्या मालकानं बादल म्हणून ठेवलंय, मी बदललं नाय. पण तुमच्या गोष्टीत बादलच निघाला तर? ह्यो गेला तर मी खलास, मास्तर. पुन्हा उभं राहायचं बळ नाय माझ्यात."

मुकुंदरावांच्या चालू गोष्टीतल्या घोड्याला अजून नाव नव्हतं. शेवटच्या प्रकरणात राजपुत्राला ते कळणार, तो घोड्याला नावानं हाक मारणार, घोडा त्याला काळी दरी पार करून देणार आणि प्राण सोडणार. संपादकांनी तशी जाहिरातही करून ठेवली होती.

"घोडा मरणार, कडूबा. ते आता माझ्या हातात नाही. पण नाव असं शोधतो, की ते कुणाचंच नसेल."

म्हणायला सोपं होतं. चार दिवस मुकुंदराव जेवताना, दात घासताना नावं पुटपुटत होते. सुचलं की टांग्यांच्या अड्ड्यावर जायचं.

"मेघराज?"

"फकिराचा हाय की. त्यो बघा, पाणी पितोय."

"चंद्रसेन?"

"फर्दापूरला बन्सीकडं. लेण्यांच्या सवाऱ्या नेतो."

दहा-बारा नावं अशीच बाद झाली. घरीही मनासारखं बसायला मिळत नव्हतं. बायकोच्या, उमाच्या, बाळंतपणाला त्यांची धाकटी बहीण मीनाक्षी बिडकीनहून आली होती. शेक-शेगडी, धुरी, तेलपाणी सगळं तिच्या अखत्यारीत, आणि दादानं मधे मधे केलेलं तिला खपत नसे.

बुधवारी दुपारी वर्गात मुलं धडा वाचत असताना नाव सुचलं. निमिष. पापणी लवायच्या आत दरी ओलांडणारा घोडा. शाळा सुटल्यावर मास्तर तडक अड्ड्यावर गेले.

कडूबानं नाव तोंडात घोळवून पाहिलं. "निमिष. लई येगळं हाय. ना माणसाचं ऐकलं, ना जनावराचं."

तरी त्यानं अड्ड्यावरच्या एकेकाला विचारलं, पैठण आणि फर्दापूरकडून आलेल्यांनाही विचारलं. असं नाव कुठंच नव्हतं. मुकुंदरावांनी नावासाठी कोऱ्या सोडलेल्या जागा भरल्या आणि प्रकरण छापखान्यात देऊन टाकलं.

घरी येऊन पाय धूत होते, तेवढ्यात आतून उमानं विचारलं, "अहो, चार दिवस डोकं खाताय. सुचलं का नाव?"

"सुचलं एकदाचं. वहीत लिहिलंय, खाली दोन रेघा मारल्यात."

"चांगलं आहे ना?"

"चांगलं? अगं, आख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नाही."

शुक्रवारी मास्तर रजेवर होते, पण घरात सकाळपासून बायकांची वर्दळ. पुरुषाला टेकायला जागा नाही. तसंही मास्तरांचं सारं लक्ष बादलकडं होतं. ते अड्ड्यावर जाऊन बादलशेजारी दगडावर बसले.

बारा वाजता अंक आला. कडूबा म्हणाला, "वाचा मोठ्यानं." मुकुंदरावांनी वाचलं. राजपुत्रानं हाक मारली, निमिषनं मान वळवली, दरी ओलांडली आणि डोळे मिटले. वाचून होताच दोघांनी बादलकडं पाहिलं. बादलनं चघळणं थांबवलं होतं. कान टवकारून तो गावाच्या दिशेला बघत राहिला. कडूबानं त्याचे पायच धरले.

मग बादलनं फुर्रकन नाक शिंकरलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. बादल आपला मजेत चरतोय. कडूबा भर बाजारात रडला. "वाचिवला तुम्ही माझा लेक," म्हणाला आणि मास्तरांना टांग्यात बसवून घराकडं निघाला. मुकुंदरावांना असं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दारातून बायका घुगऱ्या आणि पेढे घेऊन बाहेर पडत होत्या. आत फुलांच्या माळा लावलेला पाळणा, शेजारी उमा नव्या साडीत हसत बसलेली, आणि मीनाक्षी पाळण्यात वाकून बाळाच्या गालावर टिचक्या देत होती.

"ये दादा. मीच कुर्रर्र केलं हं कानात, बरोबर बाराला," ती मान वर न करता म्हणाली. "वहीतलंच ठेवलं, दोन रेघांचं. सगळ्यांना फार आवडलं. पण बघ ना, तेव्हापासून 'निमिष, निमिष' करतेय, एकदा मान वळवली आणि झोपला. डोळाच उघडत नाही मेला."