गल्ल्यावरचा दिवा

गल्ल्यावरचा दिवा पिवळा झाला, तसे शाखेचे मॅनेजर धुमाळसाहेब काउंटरवरच्या मालनच्या कानाशी येऊन पुटपुटले, "घाबरू नका बाई. तुमचा आवाज कापला, म्हणून पिवळा झालाय तो."

"असं सांगितल्यावर जास्तच भीती वाटते हो साहेब."

कंपनीचं यंत्र आता विक्री बघतच नसे. दुकानातले आवाज ऐकून पुढे कुठली शाखा बंद पडणार ते या दिव्याच्या रंगाने सांगायचं, आणि ते सांगेल ती शाखा कंपनी बंद करायची. कालच वैरागच्या शाखेत दिवा तांबडा झाला आणि संध्याकाळी कुलूप लागलं. तांबडा झालेला दिवा परत फिरत नसे.

मालनने डोळे मिटले. राममंदिरात कीर्तनाला बुवा नामाचा गजर धरतात, तो ती मनातल्या मनात म्हणू लागली. टाळ ऐकू आल्यासारखे झाले, छातीतली धडधड बसली.

"या, काय देऊ?" तिने गिऱ्हाइकाला विचारलं. सूर स्वच्छ लागला. दिवा हिरवा झाला.

"देव पावला!" धुमाळसाहेबांनी घाम पुसला.

एवढ्यात शेवंताकाकू आल्या. दुकान उघडल्यापासूनचं हे गिऱ्हाईक. मालनच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेलं. धुमाळसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, पण काकूंचं लक्ष कुठे होतं? त्यांनी मालनचा हात धरला.

"पोरी, वैरागचं ऐकलं गं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आपलं दुकान नाही ना बंद होणार?"

दिवा तांबडा झाला.

"नाही हो काकू," मालन म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही.