गुळाचा खडा

मैदानाजवळच्या तबेल्यात डॉक्टर यायचे असले की उन्मेषची घोडी आधीच थरथरायला लागायची. इंजेक्शन राहू दे, नवा लगामसुद्धा तोंडात घालू द्यायची नाही. उन्मेषचा सगळा संशय घोडीची निगा राखणाऱ्या सईस रतनदावर. "मी नसताना हाच मारतो हिला. आज त्याला कामावरून काढायलाच लावतो," तो बायकोला, आभाला, म्हणाला.

डॉक्टर अजून हावडा पुलावरच अडकले होते. रतनदा चारा आणायला गेलेला. उन्मेषने नेहमीसारखा घरून आणलेला खजुराचा गूळ लाडाने पुढे केला, तशी घोडी डोळे फाडून भिंतीला चिकटली.

"बघितलंस? कसली दहशत घातलीय त्याने!"

आभा गुळाकडेच बघत होती.

"उन्मेष, तू हिला गूळ फक्त इंजेक्शनच्याच दिवशी देतोस ना रे?"