सोमवारची भरती

गिऱ्हाइकाने बोटीवर पाय ठेवण्याआधी बूट काढले, तेवढं मात्र बरं केलं. बाकी त्याचं काहीच तिला आवडलं नाही. कडक इस्त्रीची पँट, मऊ हात, आणि फळ्यांवरून चालताना कठडा सोडायची हिंमत नाही. असल्या माणसाच्या हाती आपलं घर जाणार?

"ओळखीचे आहेत," कप्तान म्हणाला. "बोट बघायला आलेत."

कप्तान म्हणजे तिचा नवरा. आसपासच्या बोटींवरचे लोक त्याला कप्तान म्हणत आणि तिला मिस्त्रीण, कारण सुकाणू आणि भरती-ओहोटी त्याच्याकडे, इंजिन तिच्याकडे. मुलगी लग्न होऊन गेली, तशी दोघं दोन खोल्यांचं घर सोडून पाण्यावर राहायला आली. उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्यांमधून फिरायचं आणि संध्याकाळी आडोसा बघून नांगर टाकायचा. छान चाललं होतं.

यंदा मात्र कप्तानाचं मन बोटीत नव्हतं. नांगर ओढायची वेळ आली की "तूच ओढ, मला कंटाळा आलाय." दुपारभर सावलीला बसून पाण्याकडे बघत राहायचा. एखाद्या गोष्टीवरून जीव उडाला की माणूस असाच वागतो. तिला त्याचं फार वाईट वाटत होतं.

ती पाना घेऊन इंजिनाच्या खणात उतरली. काम काही नव्हतं, पण कान टवकारायला तीच जागा सोयीची. इंजिन बंद होतं, गारठलेलं. वरचं बोलणं फळ्यांतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"आवाज बरोबर नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "जोर पडला की दम खातं. माझ्या मते वॉल्व गेलाय."

"मग?"

"उघडावं लागेल. वॉल्व बदलला तर पुढची कितीतरी वर्षं चालेल."

"आणि नाही उघडलं तर?"

"कुठे बंद पडेल सांगता येत नाही. त्यात तुम्ही असे आडबाजूला हिंडता."

कप्तान म्हणाला, "हा उन्हाळा तेवढा होऊ द्या."

मिस्त्रिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद इंजिनाचा आवाज या दीडशहाण्याला कुठून ऐकू आला? सगळे वॉल्व तिने गेल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने साफ करून बसवले होते. भाव पाडायची ही रीत तिला नवी नव्हती. त्या दिवसापासून ती त्या माणसाला पाण्यात पाहू लागली, आणि तिच्या घराभोवती पाण्याला काही तोटा नव्हता.

दोन मुक्काम तिने मूग गिळून काढले. तिसऱ्या संध्याकाळी जेवताना तिला राहवेना.

"तुमच्या त्या पाहुण्याला ओ की ठो कळत नाही."

कप्तान दचकला. "तू ऐकलंस?"

"सगळं ऐकलं. वॉल्व गेलाय म्हणे!"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "तुला सांगणारच होतो गं. धीर होत नव्हता. मग... तुझं काय म्हणणं?"

"जुनं झालं म्हणून कोणी टाकून देत नाही. खराब असेल तर उघडायचं, दुरुस्त करायचं आणि परत पाण्यात न्यायचं. उन्हाळाभर असं तोंड पाडून बसायचं नाही."

"आणि उघडल्यावर परत सुरूच झालं नाही तर?"

"मी आहे ना! हात लावलेलं एक तरी इंजिन मी बंद ठेवलंय का आजवर?"

कप्तान तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. ते लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही.

"बरं, मिस्त्रीण," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर उघडू."

बोट वाचली! तिच्या मनावरचं ओझं उतरलं. सकाळी तो टोकाला उभा राहून फोनवर बोलत होता, तेही तिने ऐकलं. "बायकोच म्हणाली, उघडा म्हणून... हो, सोमवारी सकाळी भरती. पोचतो."

ते मोठ्या बंदराकडे निघाले. सुटे भाग तिथेच मिळतात, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. वाटेत तिने मनाशी भरतीचा हिशेब केला. रोज पाऊण तासाने पुढे सरकते म्हणजे सोमवारी सकाळी पाणी उतरलेलं असणार. पण ते खातं कप्तानाचं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने त्यात नाक खुपसलं नाही.

शिवाय तो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. तिला सुकाणूवर बसवायचा, हातावर हात ठेवून दाखवायचा. "इथे खडक आहे, डावीकडून घे. ध्यानात ठेव हं." इतक्या वर्षांत तो असा कधी बोलला नव्हता. तिला लग्नानंतरचे दिवस आठवले आणि जीव सुखावला.

सोमवारी सकाळी बोट धक्क्याला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता आणि खालच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उन्हात वाळत होतं.

तिला हसू आवरेना. "कप्तान, आयुष्यात पहिल्यांदा चुकलात! ओहोटी आहे ही."

तोही हसला. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो तयार होता. हातात कपड्यांची लहान पिशवी होती. "शेवटपर्यंत चेष्टा करशील तू," असं म्हणून त्याने तिचा हात घट्ट धरला.

वर धक्क्यावर तेच गिऱ्हाईक उभं होतं. आज त्याच्या अंगात पांढरा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता, आणि मागून एक बाई चाकांची रिकामी खुर्ची ढकलत आणत होती.

"बरं झालं वहिनी, तुम्ही यांचं मन वळवलंत," तो म्हणाला. "चला, यांना भरती करून घेऊ."