आठवा बोल्ट

नोरीनच्या भावानं, कर्टिसनं, सात बोल्ट जीव खाऊन आवळले, आणि आठव्याचं भोक काही जुळेना. बाबांच्या जुन्या मस्टँग गाडीच्या इंजिनाला एक्झॉस्टच्या पाइपांचा नवा जुडगा चढत होता. “मारू का हातोडा?” त्यानं विचारलं. “थांब रे धसमुसळ्या!” स्टुलावरून बाबा म्हणाले. “नोरीन, तुझी बोटं बारीक. तेवढा बसव गं पोरी.” नोरीनचं डोकं भणाणलं. वीस वर्षं ती याच गाडीखाली बाबांच्या खांद्याशी तेलात माखत वाढली, आणि काल सणाच्या जेवणात भाजलेला टर्की पक्षी कापता कापता बाबांनी गाडी कर्टिसला देऊन टाकली, तो मुलगा म्हणून. तिनं सातही बोल्ट सोडवले. जुडगा खणखणत फरशीवर आदळला. “वेडी झालीस? दोन तास गेलेत माझे!” कर्टिस ओरडला. “आधी आठही हातानं सैल लावायचे, मग आवळायचे,” म्हणत तिनं बोल्ट बाबांच्या ओंजळीत ओतले. “शिकवा आता लेकाला, मला शिकवलंत तसं.”